अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात जहाजं अडकतात ती कशामुळे?

बर्फवेडी: नकाशा समोर घेऊन बसले आहे. जेम्स वेडेल फेब्रुवारी १८२३ मध्ये शिडाची दोन छोटी जहाजं घेऊन ७४ अंश १५ मिनिटं दक्षिणेपर्यंत गेला, मोकळ्या पाण्यातून, आणि सुखरूप परतला. मग जानेवारी १९१५ मध्ये, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, अंटार्क्टिक मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं वाफेचं इंजिन असलेलं ‘एंड्युरन्स’ त्याच समुद्रात कसं अडकलं?

दर्यावर्दी: वेडेलला साल फार चांगलं मिळालं, तसं क्वचितच मिळतं. नकाशात डावीकडे बघा, अंटार्क्टिक द्वीपकल्प भिंतीसारखा उभा आहे. इथलं पाणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. बर्फ किनाऱ्याने पश्चिमेला येतो, या भिंतीवर रेटला जातो आणि थरावर थर चढतात. १९१२ मध्ये जर्मन मोहिमेच्या फिल्शनरचं ‘डॉइचलँड’ जहाज असंच धरलं गेलं, पण हिवाळा काढून सुटलं. ‘एंड्युरन्स’ दहा महिने बर्फाबरोबर वाहत आठेक अंश उत्तरेला आलं, चिरडलं आणि २१ नोव्हेंबर १९१५ ला बुडालं.

माझा जीव मात्र ‘एंड्युरन्स’चा कप्तान वर्स्ली याने जहाजाची जागा कशी मोजली यात अडकलाय. मी तीस वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, पहिली काही वर्षं सेक्स्टंटवरच काढली, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून, घड्याळाच्या वेळेशी जुळवून जहाजाची जागा काढायच्या यंत्रावर. घड्याळ चार सेकंद चुकलं की रेखांश एका मिनिटाने हुकतो. वर्स्लीची घड्याळं कित्येक महिने बर्फात, आणि जहाज बुडालं त्या दिवशी सूर्यच नाही! तरी ५ मार्च २०२२ ला ते सापडलं, ३००८ मीटर खोल, त्याने लिहिलेल्या जागेपासून जेमतेम चार सागरी मैल दक्षिणेला. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही.

हर्णैकर: पण लाकूड टिकलं कसं? आमच्या होड्या दरवर्षी वर ओढून तळाला लेप नाही दिला तर किडा पोखरून चाळण करतो.

दर्यावर्दी: तो किडा तिथे नाही, दादा. अंटार्क्टिकावर झाडंच नाहीत, मग वाहून येणारं लाकूड कुठलं आणि त्यावर जगणारा किडा कुठला! फोटोत मागच्या बाजूला नाव स्वच्छ वाचता येतं. त्याखाली पाच टोकांचा तारा आहे. जहाज बांधलं तेव्हा त्याचं नाव ‘पोलारिस’ होतं, म्हणजे ध्रुवतारा.

बर्फवेडी: तारा आत्ताच फोटो मोठा करून पाहिला. दर्यावर्दीकाका, सेक्स्टंटबद्दल वेगळा धागा काढा ना.