मोपा की दाभोळी? आई-बाबांना बांद्याला न्यायचंय

गिरगावचा_गणू: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मुंबईहून विमानानं बांद्याला जायचंय (सिंधुदुर्गातला बांदा, वांद्रे नव्हे). आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार चालवत नाही. बजेट तिघांचं जायचं 12 हजार, टॅक्सी धरून. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरू की दाभोळीच्या?

रानमेवा: मोपा! सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदाच. दाभोळीहून अर्धा गोवा पालथा घालाल. व्हीलचेअर मात्र 48 तास आधी सांगून ठेवा. आयत्या वेळी मागून माझ्या सासूबाई पाऊण तास ताटकळल्या.

खमंग_थालीपीठ: आम्ही पुढच्या सीट आणि लाउंज घेतला. आईवडिलांसाठी कसली काटकसर?

गिरगावचा_गणू: 12 हजार लिहिलंय हो वर.

चुकलेला_फकीर: तिकिटावर कोड बघा! जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाभोळी. भाऊ मोपाला उतरला, मी गाडी घेऊन दाभोळीला. अर्धा तास दोघंही फोनवर "अरे, मी गेटसमोरच उभा आहे!"

शुद्धलेखन_तपासनीस: मोपा हे गाव. विमानतळाचं नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. उद्घाटन 11 डिसेंबर 2022, विमानं 5 जानेवारी 2023 पासून. दाभोळी नौदलाच्या हंसा तळावर, म्हणून तिथे नागरी विमानांना वेळेची बंधनं.

तळकोकणी: आमचा सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ कोणाक आठवना नाय! 9 ऑक्टोबर 2021 क उद्घाटन झाला, मोपाच्या आधी.

रानमेवा: चिपीची धावपट्टी 2500 मीटर, मोपाची 3500. तुलना तरी कसली?

तळकोकणी: तेच्यार काय निजाचा आसा?

पेडण्याची_सून: भांडा तुम्ही. गणू, बांद्यातल्याच ओळखीच्या गाडीवाल्याला बोलवा. पार्किंग वेगळं पडेल, पण बॅगा उचलायला घरचा माणूस असतो. आणि व्हीलचेअर आधी सांगा.

रानमेवा: हे मी सांगितलंच होतं.

गिरगावचा_गणू: सगळ्यांचे आभार. धागा बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "विमानाची खिडकी उघडते का?" दादरहून तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं काढली, आईला खालचा बर्थ. सावंतवाडीला मामा गाडी घेऊन येतोय.

खमंग_थालीपीठ: एसी फर्स्ट ना?

पेडण्याची_सून: दादरला व्हीलचेअर सांगितलीत का?

गिरगावचा_गणू: अरे देवा. ती कुणाकडे मागायची?