कॉटलिन अपडेट केल्यावर ४० च्या वर डेप्रिकेटेड वॉर्निंग, दुर्लक्ष केलं तर चालेल का?

प्रश्न: एका जुन्या अँड्रॉइड अॅपचा कोड माझ्याकडे आलाय. कॉटलिनचं (ज्या भाषेत ते लिहिलंय तिचं) व्हर्जन वाढवल्यापासून बिल्ड होतो पण ४० च्या वर पिवळ्या वॉर्निंग येतात, बऱ्याचशा "टू-लोअर-केस डेप्रिकेटेड आहे, लोअरकेस वापरा" अशा (हे अक्षरं स्मॉल करणारं फंक्शन) आणि थोड्या ऑन-बॅक-प्रेस्डच्या (बॅक दाबल्यावर चालणारं फंक्शन). अॅप तर नीट चालतंय, मग सप्रेस टाकून गप्प करू का?

उत्तर १: सप्रेस नको. डेप्रिकेटेड म्हणजे आज चालेल पण पुढे काढणार आहोत, त्याच्या जागी काय वापरायचं तेही बहुतेक वेळा त्याच ओळीत असतं, ओळ शेवटपर्यंत वाचा. टू-लोअर-केसची वॉर्निंग कॉटलिन १.५ पासून आहे आणि २.१ मध्ये तिची थेट एरर झालीये, तेव्हा बिल्डच अडेल.

उत्तर २: वरच्यांचं बरोबर आहे, पण आल्ट-एंटर (एडिटरची ऑटो दुरुस्ती) मारत सुटू नका. जुनं फंक्शन फोनच्या भाषेप्रमाणे चालायचं. फोन तुर्की भाषेत असेल तर कॅपिटल आय चा बिनटिंबाचा आय होतो, म्हणजे कोडमध्ये "टायटल" ही की (डेटा शोधायचं नाव) शोधताय ती सापडतच नाही आणि हा बग तुमच्या फोनवर कधी दिसणारच नाही. आणि गंमत बघा, ही ऑटो दुरुस्ती लोअरकेसच्या कंसात लोकेल-गेट-डिफॉल्ट (म्हणजे फोनचीच भाषा) टाकते, म्हणजे वॉर्निंग गेली पण वागणं जुनंच राहिलं! की, युआरएल, फाइलचं एक्स्टेंशन असेल तिथे कंस रिकामा ठेवा, मग फोनची भाषा मध्ये येत नाही. युजरला दिसणारा मजकूर असेल तिथे लोकेल राहू द्या.

उत्तर ३: मी आयओएसवाला, स्विफ्टमध्येही (आयफोन अॅपची भाषा) हेच झालेलं. २०१६ मध्ये स्विफ्ट २.२ ने प्लस-प्लस आणि सी-स्टाइल फॉर लूपवर वॉर्निंग दिली, त्याच वर्षी स्विफ्ट ३ मध्ये दोन्ही गेले. आम्ही तेव्हा वॉर्निंगकडे बघितलं नव्हतं, मग सगळ्या फाइली एकदम लाल, दोन दिवस तेच करत बसलो.

उत्तर १: ऑन-बॅक-प्रेस्डचं राहिलंच. टार्गेट (अॅप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय तो आकडा) ३६ केलंत की अँड्रॉइड १६ वर ते कॉलच होत नाही, एररही येत नाही, बॅक दाबल्यावर तुमचा "सेव्ह करायचं का" डायलॉग नुसता गायब. त्याऐवजी बॅक डिस्पॅचरला (बॅक दाबल्याची खबर देणारा भाग) कॉलबॅक, म्हणजे तेव्हा चालवायचा कोड, द्या. मी तर हेच आधी केलं असतं.

प्रश्नकर्ता: बापरे, फॉर्मच्या स्क्रीनवर अगदी तोच डायलॉग आहे. आज तेवढंच बदलतो, लोअरकेस उद्या एकेक बघून.