सुट्टीनंतर कूलंटला येणारी दुर्गंधी
धातू कापणाऱ्या यंत्रांत थंडाव्यासाठी फिरवल्या जाणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटला, वास आला की बायोसाइड (जिवाणूनाशक रसायन) टाकावे, हा सल्ला मला अपुरा वाटतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टीला यंत्रे थांबतात, स्लाइडवेचे (यंत्राचे भाग ज्यांवरून सरकतात त्या पट्ट्यांचे) गळलेले तेल टाकीवर सायीसारखे पसरते, खालच्या द्रवाला हवा मिळत नाही आणि प्राणवायूविना वाढणारे सल्फेट-क्षपणकारी जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. बायोसाइडने द्रवातले जिवाणू मरतात, परंतु तळाच्या, धातूच्या चिप्स (कातरण) मिसळलेल्या गाळात आणि पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात दडलेले वाचतात व नवा कूलंट भरताच पुन्हा फोफावतात. म्हणून टाकी रिकामी करण्यापूर्वी सिस्टम क्लीनर घालून द्रव काही तास फिरवावा, गाळ खरवडून काढावा, मगच नवे भरावे.

तरंगते तेल स्किमरने (वरचे तेल ओढून घेणाऱ्या साधनाने) रोज काढावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातून प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) कूलंटची पाण्यातली सांद्रता पाहावी. ९ च्या आसपास असलेला कूलंटचा पीएच ८.५ खाली घसरू लागला, तर वास येण्याआधीच इशारा मिळतो. बायोसाइडचा अतिरेक ऑपरेटरांच्या त्वचेला बाधतो, शिवाय मेलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या पेशीभित्तिकेतला विषारी घटक) तुषारांवाटे त्यांच्या फुप्फुसांत जातेच, याकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते.