महागडा सीडी प्लेअर: कान खरे की व्होल्टमीटर?

तारसप्तक

उंची सीडी प्लेअरचं कुठलंही परीक्षण वाचायला घ्या. मखमली स्वर, काळीभोर शांतता, गायिका थेट खोलीत उभी! दोन प्लेअरांचा आवाज किती जुळवून ऐकला, हे मात्र शेवटपर्यंत सापडत नाही. ती एक ओळ नसेल तर बाकीचं रद्दीत घालावं, असं माझं मत.

सीडी प्लेअरचं आउटपुट रूढीने २ व्होल्ट. महागड्या प्लेअरांत ते कधी २.५ व्होल्टपर्यंत जातं, बॅलन्स्ड जोडणीत तर ४ च्या घरात. २ चे २.५ झाले की पातळी जवळजवळ १.९ डेसिबलने चढते. एवढी वाढ कानाला 'मोठी' वाटेलच असं नाही, 'भरदार' वाटते. बेस सुधारला, बारकावे उलगडले, असं माणूस प्रामाणिकपणे सांगतो आणि ऐकलेलं असतं फक्त व्हॉल्यूम. म्हणून टेस्ट टोनची सीडी लावा, स्पीकर टर्मिनलवर व्होल्टमीटर धरा, दोन्ही प्लेअर ०.१ डेसिबलच्या आत आणा आणि कोणता वाजतोय हे न सांगता ऐकवा. एवढं केलं की बहुतेक फरक विरघळतात.

२००७ साली मेयर आणि मोरान यांचा एक प्रयोग ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. एसएसीडीसारख्या वरच्या दर्जाच्या डिस्कच्या वाटेत त्यांनी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे सीडीच्या दर्जाचं रूपांतर घुसवलं आणि ते कधी आहे, कधी नाही हे लोकांना ओळखायला लावलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवूनही तेवढीच येतात.

मंद्र

तो प्रयोग सीडीच्या फॉरमॅटबद्दल होता, प्लेअरबद्दल नव्हता. फॉरमॅट पुरेसा आहे हे मान्य. त्यातलं किती बाहेर काढायचं हे प्लेअरवरच असतं, आणि वाद तिथेच आहे.

जुनं उदाहरण घ्या. १९८२ चा सोनी सीडीपी-१०१ दोन्ही चॅनेलसाठी एकच डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग, वापरायचा, त्यामुळे एक बाजू दुसरीच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे. त्याच पिढीत फिलिप्सने १४ बिटांचा डॅक घेऊन चौपट ओव्हरसॅम्पलिंगचा, म्हणजे मूळ आकड्यांच्या मधे गणिताने आणखी आकडे भरण्याचा, रस्ता धरला. दोन कंपन्यांनी मिळून एकच मानक लिहिलं आणि यंत्रं इतकी वेगळी केली. सगळं सारखंच वाजणार होतं तर हा उपद्व्याप कशाला?

आणि वीस-वीस सेकंदांचे तुकडे उलटसुलट लावून संगीत कोण ऐकतं? तानपुऱ्याची जवारी तासभर कानावर पडली की मन स्थिरावतं किंवा वैतागतं. तो वैताग तुमच्या मीटरवर उमटत नाही.

तारसप्तक

११ मायक्रोसेकंदांत ध्वनी हवेतून ४ मिलिमीटरसुद्धा जात नाही. ऐकताना मान एवढीशी सरकली तरी तेवढा फरक पडतो. उपद्व्याप केले ते फिल्टर स्वस्तात आणि बिनचूक करायला, तुमचं मन स्थिरावायला नव्हे.

गरम_सोल्डर

दुरुस्तीच्या टेबलावरून सांगतो, दोघेही डिस्कला विसरलात.

हल्लीच्या बऱ्याच सीडी इतक्या मोठ्या आवाजात ठासून भरलेल्या असतात की सॅम्पल, म्हणजे लहरीचे ठरावीक क्षणांना मोजलेले आकडे, सतत कमाल पातळीला टेकलेले. खरी लहर मात्र दोन सॅम्पलच्या मधल्या जागेत त्याहून वर जाते. ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर ती लहर उभी करायला जातो, वर जागा ठेवलेली नसेल तर माथा छाटला जातो. काही प्लेअरांत ही जागा असते, काहींत नसते, आणि किमतीचा याच्याशी फारसा संबंध नाही. म्हणून एकच प्लेअर जुन्या, सौम्य मास्टरिंगच्या (डिस्क छापण्याआधीच्या शेवटच्या ध्वनीसंस्काराच्या) सीडीवर गोड आणि नव्या सीडीवर करकरीत वाटू शकतो. दोष अर्धा मास्टरिंगवाल्याचा, पण फरक खरा आणि मोजताही येतो.

दुसरं, प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काही सीडींत वरच्या पट्ट्या मुद्दाम उचललेल्या असतात, टोकाला सुमारे ९-१० डेसिबल, आणि प्लेअरने डिस्कवरची तशी खूण वाचून त्या परत उतरवायच्या असतात. डिजिटल आउटपुटातून वेगळ्या डॅकला सिग्नल दिला आणि त्याने ती खूण पाहिलीच नाही, तर झांजा कानात घुसतात. लोक त्याला 'बारकाव्यांची उधळण' म्हणतात, हेही पाहिलंय.

तिसरं, ओव्हरसॅम्पलिंग न करणारे प्लेअर. त्यांच्यात भरपाई नसेल तर २० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबल पडलेला असतो. 'ॲनालॉगसारखा उबदार' म्हणतात तो यातलाच. आवडला तर जरूर ऐका, पण तो टोन कंट्रोल आहे.

फुकट_सल्लागार

सीडीची कड हिरव्या मार्करने रंगवा आणि वाद मिटवा.

गरम_सोल्डर

मार्करने मिटेल फक्त मार्करची शाई. लेझरला खाचा वाचता आल्या की आकडे तेच. ओरखडा पडला तरी सीडीची त्रुटी-दुरुस्ती सलग ४००० बिटांपर्यंतचं नुकसान, म्हणजे ट्रॅकवर अडीच मिलिमीटर, जसंच्या तसं भरून काढते. त्यापलीकडे गेलं तर अंदाजाने भरते किंवा मूक करते. 'थोडा कमी उबदार' अशी पायरी त्यात नाही.

मंद्र

गरम_सोल्डर यांचं सगळं मान्य, कारण ते माझ्याच बाजूने बोलतायत: प्लेअर वेगळे वाजतात. तारसप्तक, तुमची परीक्षा द्यायला तयार आहे. पण सीडी माझ्या, वेळ माझी, आणि एका संध्याकाळी एकच अंदाज.

तारसप्तक

चालेल. १६ संध्याकाळी. पातळी मी जुळवणार, प्लेअर कापडाआड. १२ किंवा जास्त बरोबर आले तर मान्य करीन, निव्वळ नशिबाने तेवढे यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. ११ आले तर 'त्या दिवशी थकलो होतो' चालणार नाही.

मंद्र

आणि १३ आले तर 'मीटर बिघडला होता' चालणार नाही.

गरम_सोल्डर

कापड पुरणार नाही. ट्रे आत जाताना प्रत्येक यंत्राचा आवाज वेगळा, आणि डिस्क वेग घेतानाची घरघर तर ओळखीचीच. डिस्क घालून गाणं सुरू होईपर्यंत मंद्रना खोलीबाहेर बसवा. डिस्क घालणारा तिसराच माणूस हवा, आणि त्यानेही सोळा दिवस तुमच्याशी या विषयावर बोलायचं नाही.