अनुभव धागा : मराठी स्टँड-अप आणि पॉडकास्टचं काम नेमकं कसं चालतं?

मराठीत स्टँड-अप करणारे आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा जोडीला पॉडकास्टही असतो. ‘पहिल्यांदा स्टेजवर गेलो तेव्हा पाय लटपटत होते’ छापाचे किस्से वाचून झालेत, ते इथे नकोत. कामाचं लिहा. किती मिनिटं, किती खुर्च्या, कुठली वायर, हिशोब कसा लागतो, कुठे फसतं. लिहिणारे, बोलणारे, खुर्च्या मांडणारे, आवाज सांभाळणारे, सगळ्यांना आमंत्रण. टोपणनावाने लिहिलंत तरी चालेल.

वहीपेन

ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव नोंदवून स्टेजवर येऊ शकतो त्या कार्यक्रमात, चार ते पाच मिनिटं मिळतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात, त्याला सगळे ‘लाइट’ म्हणतात. लाइट दिसल्यावर नवा विषय काढायचा नाही, हातातला संपवून उतरायचं. वेळ ओलांडणाऱ्याला पुढचा स्पॉट मिळत नाही, मग तो कितीही हसवो.

पाच मिनिटांसाठी कागदावर साधारण ४५० ते ५०० शब्द पुरतात. नवखे ७०० लिहून आणतात, मग प्रेक्षक हसायला लागले की घाईघाईने पुढचं वाक्य रेटतात. घरी घड्याळ लावून म्हणताना सेट (एका वेळी सादर करायचा सगळा मजकूर) सव्वाचार मिनिटांत बसायला हवा. उरलेला वेळ हशाचा.

प्रत्येक सेट रेकॉर्ड करा. फोन खिशात ठेवलात तर फक्त कापडाची खसखस ऐकू येते. एअरप्लेन मोडवर टाकून पुढच्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी ऐकत ऐकत प्रत्येक ओळीपुढे ० ते ३ आकडा लिहा: शून्य म्हणजे शांतता, तीन म्हणजे थांबावं लागलं. नंतर बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन वेगवेगळ्या खोल्यांत तोच विनोद पडला तर बहुतेक जण पंच (हशा आणणारा शेवटचा शब्द) बदलत बसतात. दोष बहुधा त्याच्या आधी असतो. विनोद कळायला लागणारी माहिती लोकांपर्यंत पोचलेलीच नसते, किंवा नको ती माहिती मध्ये आलेली असते.

क्रम असा: दुसऱ्या क्रमांकाचा विनोद सुरुवातीला, सगळ्यात जोरदार शेवटी, नवा कच्चा माल मध्ये. आणि माइक हातात घेतल्यावर रिकामा स्टँड उचलून मागे ठेवा. पाच मिनिटं तुमच्यात आणि लोकांत एक दांडा उभा राहतो.

पाचवी रांग

भाषेबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. हसवणारा शब्द मात्र बहुतेक वेळा नाम किंवा विशेषण असतो. म्हणजे नैसर्गिक वाक्य केलं की पंच मध्ये आणि त्याच्यामागे ‘आले होते’, ‘करत असतात’ अशी शेपटी. लोक हसायला लागतात आणि तुम्ही अजून क्रियापद संपवताय. हशावर बोलणं म्हणतात ते हेच. उदाहरण घ्या: ‘सोसायटीच्या मीटिंगला पाणी सोडून सगळे आले होते.’ इथे ‘पाणी’ शब्दावर काम झालं आणि त्यापुढचे चार शब्द वाया गेले. आता हे: ‘सोसायटीच्या मीटिंगला सगळे आले. आलं नव्हतं ते फक्त पाणी.’ व्याकरण किंचित वाकवलं, पण बोलताना आपण असं वाकवतोच.

दुसरी सोय नकाराची. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं, म्हणून वाक्य तिथे बंद झाल्यासारखं वाटतं. त्या बंद दारावर छोटं वाक्य आपटायचं: ‘बाबांनी मला कधी मारलं नाही. नेम चुकायचा.’ दुसरं वाक्य दोन शब्दांचं आहे म्हणून चालतं. तिथे ‘कारण त्यांचा नेम नेहमी चुकायचा’ केलंत की गेलं. ‘कारण’ हा शब्दच पुढे स्पष्टीकरण येतंय अशी वर्दी देतो.

हिंदीतला चालणारा सेट मराठीत उतरवायचा असेल तर आधी सगळे ‘यार’ आणि ‘भाई’ काढा आणि बघा किती उरतं. हिंदीत ते ताल भरून काढतात. मराठीत ते काम ‘अरे’, ‘बरं’, ‘तर’ आणि ‘म्हणजे’ करतात, पण त्यांची जागा वेगळी: ‘बरं’ नवा मुद्दा उघडतं, ‘म्हणजे’ आधीच्याला फाटा फोडतं.

बोलींचं भान ठेवा. वऱ्हाडी किंवा मालवणी माणसाचं सोंग फक्त हेल काढून पुण्यात हसवेल, नागपूर किंवा कुडाळला तेच अंगावर येईल. चाचणी सोपी आहे: हेल काढून टाकला आणि वाक्य प्रमाण मराठीत म्हटलं तरी विनोद उरतो का? नसेल तर तुम्ही एका गावावर हसताय, गोष्टीवर नाही.

खुर्च्या मांडणारा

खोली चुकीची असेल तर चांगला माणूसही पडतो. गोष्टी मोजक्याच आहेत.

साठ खुर्च्यांच्या खोलीत पस्तीस लोक येणार असतील तर चाळीसच मांडा, बाकीच्या घडी करून आत ठेवा. लोक आपणहून पहिली रांग रिकामी सोडतात, म्हणून मागच्या दोन रांगांवर दोरी बांधा आणि पुढची भरल्यावर सोडा. मधली वाट नको. वाट मध्ये असली की कलाकाराच्या बरोबर समोर कुणीच नसतं आणि हशा दोन तुकड्यांत येतो. स्टेजवर उजेड, प्रेक्षकांत अंधार, कारण उजेडात माणूस हसण्याआधी शेजारच्याकडे बघतो. छत जितकं खाली तितकं बरं. स्टेज फूटभर उंच असलं तरी पुरे.

साधनं: एक डायनॅमिक माइक (जवळचाच आवाज नीट पकडणारा), सरळ गोल बुडाचा स्टँड, दोन स्पीकर. बिनतारी माइकपेक्षा वायरचा भरवशाचा. स्पीकर कलाकाराच्या पुढे हवेत. मागे ठेवलेत तर माइक स्वतःचाच आवाज ओढून शिटी मारतो. माइकची जाळी मुठीत धरणाऱ्यांमुळेही तेच होतं, शिवाय आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

कॅफे असेल तर ऑर्डरी सूत्रसंचालकाच्या पहिल्या दहा मिनिटांत उरकायच्या आणि बिल शेवटच्या माणसाआधी फिरवायचं नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर तर बंदच.

तिसरी घंटा

वरच्या प्रतिसादात एक भर. हे सगळं लहान खोलीचं झालं. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात हशा पुढून मागे लाटेसारखा जातो, त्याला वेळ लागतो. कॅफेत घोटवलेला वेग तिथे तसाच ठेवला तर मागच्या रांगांना अर्धे विनोद ऐकूच येत नाहीत. तासाच्या प्रयोगाला तीच संहिता सहज सात-आठ मिनिटं जास्त घेते. आणि तिथे आजी-आजोबांसकट कुटुंब येतं. ‘फक्त १८ वर्षांवरील’ असेल तर तिकिटावर छापा, दारावर सांगून उपयोग नाही.

गल्ला

पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून नमुना हिशोब मांडतो. साठ खुर्च्या, तिकीट २९९, विकली गेली ४०. जमा ११,९६०. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाचे १० टक्के धरले तर १,१९६ गेले, उरले १०,७६४. जागेवाल्याशी निम्मे-निम्मे ठरलं असेल तर हातात ५,३८२. सूत्रसंचालकाला ५००, आधी दहा मिनिटं करणाऱ्याला ५००, दोन कॅमेऱ्यांचं चित्रीकरण ३,०००. राहिले १,३८२. त्यात पुण्याहून नाशिकला जाऊन-येऊन राहायचं असेल तर तुम्ही समजलात.

म्हणून तिकिटाचे प्रयोग सेट घडवायला आणि क्लिपा मिळवायला, आणि घरखर्च कंपन्यांच्या कार्यक्रमांतून, असं बहुतेकांचं गणित असतं. कंपनीच्या कार्यक्रमात २० ते ३० मिनिटं, स्वच्छ भाषा, आणि राजकारण, धर्म, कंपनीचे साहेब हे तिन्ही वर्ज्य. साहेब स्वतः ‘माझ्यावर करा की’ म्हणाले तरी. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. व्यावसायिक मानधनावर मर्यादेपुढे १० टक्के टीडीएस कापला जातो, तो रिटर्न भरून वळता करून घ्यायचा असतो. कित्येक जण तो तसाच सोडून देतात. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यात यूट्यूबचे आणि जाहिरातींचेही पैसे धरायचे.

मंडपातला माइक

गणेशोत्सवातल्या सोसायटीच्या कार्यक्रमांना कमी लेखू नका, पण सेट वेगळा न्या. उघड्यावर हशा वर निघून जातो, भिंत नसते म्हणून परत येत नाही. लोक हसत असूनही स्टेजवर शांतता वाटते आणि कलाकार घाबरून वेग वाढवतो. छोटे विनोद, जास्त क्राउड वर्क (प्रेक्षकांशी आयत्या वेळच्या गप्पा), विषय पार्किंग-लिफ्ट-वॉचमन. लांबलचक गोष्ट नको, मध्येच लहान मूल स्टेजवर चढतं.

आरतीनंतर आणि जेवणाआधी वेळ मागा. जेवणाची रांग सुरू झाली की कार्यक्रम संपला असं समजा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे. सरकार सणांच्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट देतं, पण तो दिवस त्यातला आहे का हे आयोजकाला आधी विचारा.

खरखर

आता पॉडकास्ट. पहिली चूक म्हणजे महाग माइक आणि मोकळी खोली. गुळगुळीत भिंती आणि फरशी असलेल्या दिवाणखान्यात कंडेन्सर माइक (लांबचे बारीक आवाजही टिपणारा) लावला की शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतात. घरी डायनॅमिक घ्या, तोंडापासून चार बोटं ते एक वीत अंतरावर, किंचित तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांचा महागड्या फोमइतकाच उपयोग होतो. पंखा बंद, एसी रेकॉर्डिंगपुरता बंद, फ्रीजचं बटण बंद (त्यात गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना परत चालू करायची आठवण राहते).

शूअर एसएम७बी हा माइक बघून सगळे मोहात पडतात. त्याला साधारण ६० डेसिबल गेन (आवाजाची वाढ) लागतो. स्वस्त इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवर) तेवढा गेन वाढवला की सूं ऐकू येते आणि दोष माइकला दिला जातो.

प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक (स्वतंत्र रेकॉर्डिंग). दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून पोकळ वाटतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. नेहमीचं बोलणं मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि खदखदून हसणं उणे ६ च्या आत राहील असा गेन लावा. विनोदी लोकांच्या पॉडकास्टमध्ये आवाज फाटतो तो बोलताना नाही, हसताना. म्हणून चाचणी घेताना ‘हॅलो, एक दोन तीन’ करू नका, पाहुण्याला मोठ्याने हसायला सांगा. कॅमेरे वेगळे असतील तर सगळं सुरू झाल्यावर एक टाळी, आणि संपतानाही एक, म्हणजे चित्र-आवाज जुळवायला खूण मिळते. कॅमेरा ४८ किलोहर्ट्झवर आणि रेकॉर्डर ४४.१ वर राहिला तर जुळवताना गोंधळ होतो.

शेवटच्या फाइलचा लाउडनेस ॲपलच्या शिफारशीनुसार उणे १६ एलयूएफएस (सरासरी आवाज मोजायचं एकक), शिखर उणे १ डेसिबल. मुखपृष्ठ चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल. त्यावरचं मराठी नाव फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं, तेव्हा जोडाक्षरांची बारीक नक्षी टाळा.

प्रश्नपत्रिका

स्टँड-अपवाला पॉडकास्ट चालवायला लागला की तीच सवय आड येते: शांतता सहन होत नाही. स्टेजवर दोन सेकंद शांतता म्हणजे संकट, मुलाखतीत तीच दोन सेकंदं म्हणजे पाहुणा खरं काहीतरी सांगायच्या बेतात आहे. तिथे कोटी केली की तो सावरून बसतो आणि छापील उत्तर देतो. कोटी कागदावर लिहून ठेवा, त्याचं बोलणं संपल्यावर करा. आणि ‘हं, हं, बरोबर’ तोंडाने नको, मानेने.

आदल्या दिवशी २० मिनिटांचा फोन पुरतो. त्यात विषय काढा, किस्से काढू नका. एकदा सांगितलेला किस्सा दुसऱ्यांदा ‘काल मी तुम्हाला म्हटलं तसं’ असाच येतो.

कात्री

क्लिपबद्दल एवढंच. उभी, १०८० बाय १९२० पिक्सेल, पडद्यावरची अक्षरं बटणांच्या पट्टीखाली जाणार नाहीत इतकी वर. पंचाचा शब्द बोलण्याआधी पडद्यावर वाचता आला तर विनोद मेला, म्हणून तो वेगळ्या ओळीत टाकायचा. आपोआप येणारी मराठी अक्षरं हाताने तपासा, ‘दिन’ आणि ‘दीन’ची अदलाबदल होते.

लोक स्टेजवरची क्राउड वर्कच्याच क्लिपा का टाकतात? कारण लिहिलेला विनोद टाकला की तो जळतो, तिकीट काढून आलेल्याने तो आधीच पाहिलेला असतो. प्रेक्षकाचा चेहरा दिसत असेल तर त्याला विचारूनच टाका. चित्रीकरण चालू असल्याची पाटी दारावर हवीच.

परवाना

नाट्यगृहात तिकीट लावून करणार असाल तर तारीख घेतानाच विचारा, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्राची प्रत लागेल का. संहिता आधी द्यावी लागते, आणि स्टँड-अपची संहिता दर प्रयोगाला बदलते ही अडचण खरीच आहे. एंट्रीला वाजवलेल्या वीस सेकंदांच्या गाण्यालाही हक्क लागू होतात, वर यूट्यूब त्यावर दावा लावतं तो वेगळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: धार्मिक भावना कलम २९९, गटांत वैर १९६, बदनामी ३५६. न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा. तक्रार बहुधा तीस सेकंदांच्या तुकड्यावर होते.

महाराष्ट्र मंडळवाले

अमेरिकेतल्या मंडळांसाठी: मानधन घेऊन प्रयोग करायला पर्यटक व्हिसा चालत नाही. पी-३ हा सांस्कृतिक कार्यक्रमांसाठीचा प्रकार बघा. त्याचा आय-१२९ अर्ज तिथल्या संस्थेने भरायचा असतो, कलाकाराने नाही. कित्येक महिने आधी सुरुवात करा. आणि विषय निवडताना लक्षात घ्या, १९९५ साली गेलेल्या काकांना आजची पुण्याची मेट्रो कळत नाही, पण रेशनची रांग कळते.

वहीपेन

@खरखर, एक प्रश्न. प्रयोगाच्या चित्रीकरणात लोक हसलेलेच ऐकू येत नाहीत, सगळं मेल्यासारखं वाटतं.

खरखर

आवाजाच्या मिक्सरमधून फक्त कलाकाराचा माइक घेतला असणार. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक लावा, स्पीकरच्या मागे येतील असे, वेगळ्या ट्रॅकवर. मागच्या भिंतीला लावले असतील तर जुळवून घ्या. आवाजाला मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १५ मीटरला ४५ च्या आसपास. बोलताना ते ट्रॅक खाली, हशाला वर. मात्र हशा आधीच्या विनोदावरून उचलून दुसरीकडे चिकटवू नका, शेवटच्या रांगेतला खोकला दोनदा ऐकू येतो.