बंगाली संगीत, नृत्य आणि नाट्य : धर्मप्रभावाचे कप्पे पाडावेत का?

मुठाकाठ

नमस्कार. एरंडवण्यातील आमच्या अभ्यासगटाने यंदा महाराष्ट्राबाहेरच्या भक्तिपरंपरा आणि तेथील प्रयोगकला यांचा परस्परसंबंध हा विषय घेतला असून बंगालविषयीचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाचन बऱ्यापैकी झाले आहे. मांडणी मात्र मनासारखी होत नाही. वैष्णवांचे कीर्तन, शाक्तांचे, म्हणजे देवीभक्तांचे, श्यामासंगीत (कालीची गीते), सूफींची मुर्शिदी (गुरूविषयीची) आणि मारफती (आत्मज्ञानाची) गाणी, निराकार ईश्वर मानणाऱ्या सुधारक ब्राह्मो समाजाचे ब्रह्मसंगीत असे कप्पे बहुतेक ठिकाणी पाडलेले दिसतात. ते सोयीचे आहेत, परंतु एकेक उदाहरण तपासू लागले की त्यांच्या भिंती टिकत नाहीत. काझी नजरुल इस्लाम (१८९९–१९७६) यांनी लिहिलेले आणि अब्बासुद्दीन यांनी १९३१ मध्ये गायलेले ईदचे गीत बंगाली मुसलमानांच्या सणाचा भाग होऊन बसले आहे, आणि त्याच नजरुल यांनी कालीमातेवर लिहिलेली गीते श्यामासंगीतात मानाने गायली जातात. के. मल्लिक या नावाने श्यामासंगीताच्या ध्वनिमुद्रिका गाजवणाऱ्या गायकाचे खरे नाव महंमद कासिम होते. अशा कलावंतांना कोणत्या कप्प्यात बसवायचे?

माझा प्रश्न असा आहे की धर्माने या कलांना नेमके काय दिले, विषय की रूप? आणि एका पंथात घडलेले रूप दुसऱ्याकडे कसे पोहोचले? नाटक आणि नृत्य यांविषयी मला फार थोडे हाती लागले आहे, तेव्हा जाणकारांनी तेथे अधिक लिहावे, ही विनंती.

टाळमृदंग

विषय आणि रूप असा भेद आपण केलात, हे फार चांगले झाले, कारण माझ्या मते बंगालमध्ये धर्माचा खरा ठसा रूपावर उमटला आहे. पदावली कीर्तन जवळून पाहिले की ते लगेच ध्यानात येते.

राधाकृष्णाचा विषय चैतन्य महाप्रभूंनी (१४८६–१५३४) आणलेला नाही. जयदेवाचे गीतगोविंद बाराव्या शतकातले आहे आणि विद्यापती, चंडीदास यांची पदे महाप्रभू स्वतः आवडीने ऐकत असत. नवद्वीपात त्यांनी नवे घडवले ते इतके की जातीचा विचार बाजूला ठेवून सर्वांनी मिळून, नाम गात, नाचत नगरातून फिरावे, ही रीत त्यांनी रुजवली. पुढच्या काळात नरोत्तमदासांनी खेतुरी येथे वैष्णवांचा मोठा महोत्सव भरवला आणि लीलाकीर्तनाला शिस्तबद्ध रूप आले. गराणहाटी, मनोहरशाही, रेणेटी अशी जी कीर्तनाची वळणे आहेत, त्यांची नावे परगण्यांवरून पडलेली आहेत.

आता प्रत्यक्ष प्रयोग पाहा. मुख्य लीलेच्या आधी गौरचंद्रिका गायली जाते. राधेच्या रुसव्याचे आख्यान लावायचे असेल, तर स्वतः चैतन्यच त्या रुसव्याच्या भावात बुडून गेले आहेत, असे वर्णन करणारे पद आधी येते आणि जाणत्या श्रोत्याला त्यावरून आजची लीला कळते. सदाशिव पेठेतील नारद मंदिरात नारदीय कीर्तने ऐकलेल्या माणसाला पूर्वरंग आणि उत्तररंग यांची आठवण येथे होणारच. परंतु आपल्या पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन त्यावर निरूपण करतात, तर बंगाली कीर्तनकार त्या जागी एका संताची भावविभोर मूर्ती उभी करतो. कृष्णलीलेकडे चैतन्यांच्या अनुभवातूनच पाहायचे, हा गौडीय, म्हणजे चैतन्यपंथी बंगाली, वैष्णवांचा धर्मविचार झाला, आणि तो कार्यक्रमाच्या क्रमातच बसवला गेला आहे.

दुसरी गोष्ट आखराची. मूळ पदाची भाषा पुष्कळदा ब्रजबुली, म्हणजे घडवलेली काव्यभाषा असते. कीर्तनकार एक ओळ विलंबित तालात गातो आणि मग त्याच तालात, साध्या बोलीत, स्वतःच्या छोट्या छोट्या ओळी जोडत जातो; यांनाच आखर म्हणतात. साथीदार, ज्यांना दोहार म्हणतात, त्या ओळी उचलून धरतात. अर्थ उलगडण्यासाठी गाणे थांबवून बोलावे लागत नाही, कारण निरूपण गाण्याच्या पोटातच चाललेले असते. विरहाची लीला असली तरी शेवटी मीलनाचे पद गायल्याखेरीज ती संपवत नाहीत, हाही श्रद्धेनेच घातलेला दंडक आहे. साथीला खोल नावाचा मृदंग असतो. त्याचे अंग भाजलेल्या मातीचे, उजवे तोंड अगदी लहान आणि चढ्या आवाजाचे, डावे मोठे आणि घुमारदार. पखवाजासारखी ओली कणीक त्याला लावावी लागत नाही, आणि गळ्यात अडकवून तो नाचत वाजवता येतो.

जाता जाता एक सावधगिरी सुचवतो. चैतन्यचरितामृतात महाप्रभू दक्षिणयात्रेत पंढरपुरास आल्याचे वर्णन आहे, आणि तुकोबांनी आपली गुरुपरंपरा सांगताना राघव चैतन्य, केशव चैतन्य ही नावे घेतली आहेत. या दोन गोष्टी जोडून वारकरी आणि गौडीय परंपरांचे नाते सांगण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. केवळ नामसाम्यावर एवढी मोठी इमारत उभी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंगणवेल

शाक्त गीतांबद्दल थोडी भर घालते. काली म्हटले की आपल्याकडे रौद्र रूपच डोळ्यांपुढे येते, परंतु अठराव्या शतकातील रामप्रसाद सेन यांची गीते ऐकावीत. त्यांत लेकरू आईशी भांडते, तिच्यावर रुसते, तिला जाब विचारते. नांगरट, पतंग, सोंगट्यांचा डाव, कचेरीतले खटले अशा नित्याच्या गोष्टींतून साधना सांगितली जाते. त्यांची चाल इतकी सुबोध आणि ठसठशीत होती की रामप्रसादी सूर या नावाने ती स्वतंत्रपणे वावरू लागली. निराकार ब्रह्माची उपासना करणाऱ्या ब्राह्मो घरातील तरुण रवींद्रनाथांनी वाल्मीकिप्रतिभा (१८८१) या गीतिनाट्यातील एका गीतासाठी ती बिनदिक्कत घेतली. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते : पंथाचा सिद्धान्त जागच्या जागी राहिला आणि चाल पुढे गेली.

आगमनी आणि विजया ही गीते तर टिपणात हवीतच. त्यांत दुर्गा ही हिमालयाची लेक उमा आहे. आई मेनका नवऱ्याला विनवते की लेकीला कैलासाहून घेऊन या, जावई भिकारी, स्मशानात राहणारा, तिचे तिथे कसे होत असेल कोण जाणे. आणि नवमीची रात्र सरू नये म्हणून तिची तडफड होते, कारण दशमीला उमा परत निघणार. आपल्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा गौरी माहेरपणाला येतात आणि तिसऱ्या दिवशी निघतात, तेव्हा घरातल्या बायकांचे डोळे का पाणावतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गीते समजावून सांगावी लागणार नाहीत. लहान वयात मुली सासरी धाडणाऱ्या समाजातील आयांचे दुःख देवीच्या कथेत शिरले आणि त्यातून एक संपूर्ण गीतप्रकार उभा राहिला.

रंगपट

नाटकाविषयी लिहितो. चैतन्यभागवतानुसार महाप्रभूंनी चंद्रशेखर आचार्यांच्या घरी स्त्रीवेष घेऊन भूमिका केली होती. बंगाली जात्रेचा, म्हणजे तेथील गाणीप्रधान लोकनाट्याचा, इतिहास सांगणारे पुष्कळदा याच प्रसंगापासून आरंभ करतात. कृष्णजात्रा ही तिची महत्त्वाची शाखा. प्रेक्षक चहूबाजूंनी बसलेले, पडदा नाही, आणि गाण्यांची रेलचेल. पुढे जात्रेत विवेक नावाचे पात्र आले, जे कथेबाहेरून मधेच प्रवेश करून पात्रांच्या मनातला धर्माधर्माचा झगडा गाण्यातून बोलून दाखवते.

कोलकात्यात १८७२ मध्ये नॅशनल थिएटरने दीनबंधु मित्र यांच्या नीलदर्पणने तिकीट लावून सार्वजनिक प्रयोग सुरू केले. तेथून काही वर्षे रंगभूमी उघडपणे राजकीय होत गेली, आणि युवराजांच्या भेटीवरील एका प्रहसनानंतर सरकारने १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा केला. त्यानंतर पौराणिक आणि भक्तिपर नाटकांना जो बहर आला, त्यामागे श्रद्धेइतकाच या कायद्याचा धाक होता, असे मानण्यास सबळ जागा आहे. पुण्याच्या वाचकांना हे सांगायलाच हवे की कोलकात्यातील नाटकांमुळे जन्मलेल्या याच कायद्याखाली खाडिलकरांचे कीचकवध (१९०७) पुढे १९१० मध्ये बंद पाडण्यात आले. महाभारतातील आख्यानाआडून कर्झनशाहीवर बोलता येते, हे प्रेक्षकांना कळत होते आणि काही काळाने सरकारलाही कळले. बंगालमध्ये बारिसालचे मुकुंददास हेच काम स्वदेशी जात्रेतून करत होते. देवीची पूजा म्हणजे देशाची पूजा असे गात ते गावोगाव फिरले आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला.

एका प्रयोगाचा उल्लेख मात्र कोणत्याही टिपणात वगळू नये. गिरीशचंद्र घोष यांचे चैतन्यलीला हे नाटक १८८४ मध्ये स्टार थिएटरात आले आणि त्यात चैतन्यांची भूमिका बिनोदिनी दासी या अभिनेत्रीने केली. बंगाली व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया १८७३ पासून काम करत होत्या, परंतु त्या गणिकांच्या वस्तीतून आलेल्या असल्याने भद्र समाज त्यांना नाक मुरडत असे. ब्राह्मो सुधारकांचा विरोध तर तीव्र होताच, आणि विद्यासागरांसारख्या थोर पुरुषालाही हा प्रकार रुचला नाही. अशा काळात २१ सप्टेंबर १८८४ रोजी रामकृष्ण परमहंस हे नाटक पाहण्यास आले, भावावस्थेत गेले आणि त्यांनी बिनोदिनीला आशीर्वाद दिला. सुधारकांनी जी दारे बंद ठेवली, ती एका कालीभक्त पुजाऱ्याने वैष्णव विषयाच्या नाटकात, समाजाने दूर लोटलेल्या स्त्रीसाठी उघडली. धर्म म्हणजे सनातनी आणि सुधारणा म्हणजे उदार, असे ठोकळेबाज समीकरण मांडणाऱ्यांनी या घटनेवर थांबून विचार करावा.

दूरवाट

आतापर्यंतचे प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु सगळे काही मिळून-मिसळून, गुण्यागोविंदाने झाले, असा समज होऊ नये म्हणून लिहितो. बाऊल-फकिरांची, म्हणजे गात फिरणाऱ्या साधकांची, परंपरा वैष्णव सहजिया (देहसाधना मानणारे वैष्णव), बौद्ध तांत्रिक आणि सूफी अशा धारांच्या संगमावर उभी आहे, हे खरे. लालन फकीर (निधन १८९०) आपली जात आणि धर्म विचारणाऱ्यांना गाण्यातूनच उलट प्रश्न करत, हेही खरे. परंतु त्याच लालनच्या पंथीयांविरुद्ध विसाव्या शतकाच्या आरंभी फतवे निघाले, आणि सनातनी हिंदूंनीही बाऊलांना आचारभ्रष्टच ठरवले. देहसाधना, गुरूला दिलेले सर्वोच्च स्थान आणि शास्त्रांचा अव्हेर यांमुळे दोन्हीकडचे कर्मठ त्यांच्यावर रुष्ट होते. आज केंदुलीच्या मेळ्यात मकरसंक्रांतीला हजारो लोक त्यांना ऐकायला जमतात. पण त्यांच्या गाण्यातील गूढ भाषा ही काही अंशी साधना झाकण्यासाठी घडली आहे, हे विसरून ती केवळ निरागस लोकगीते म्हणून ऐकणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. शिलाईदहचे टपालवाहक गगन हरकरा यांच्या गाण्याची चाल रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये घेतली आणि ती आज बांगलादेशाचे राष्ट्रगीत म्हणून गायली जाते, हे सर्वांना सांगितले जाते. गगन यांच्या मूळ गाण्यात अंतरीच्या माणसाचा शोध आहे, हे मात्र क्वचितच.

दोन उदाहरणे आवर्जून घ्यावीत. मेदिनीपूरकडच्या पिंगला भागातील नया गावचे पटुआ गुंडाळलेला लांब पट हळूहळू उलगडत, एकेका चित्रावर बोट ठेवत कथा गातात. त्यांतले बहुतेक मुसलमान आहेत आणि मनसादेवी, रामायण, कृष्णलीला यांचे पट पिढ्यान्‌पिढ्या रंगवत आले आहेत. पिंगुळीचे चित्रकथी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रयोग परका वाटणार नाही. दुसरे उदाहरण सुंदरबनातील बोनबीबीच्या पालेचे, म्हणजे गीतनाट्याचे. वाघाच्या रूपात येणाऱ्या दक्षिणरायापासून दुखे नावाच्या गरीब पोराला वाचवणारी ही देवी कथेनुसार अरबस्तानातून आलेल्या कुटुंबातील आहे, आणि मध व लाकडे आणण्यासाठी जंगलात शिरणारे हिंदू-मुसलमान दोघेही तिला शरण जातात. या एकोप्याचे मूळ उदात्त विचारात शोधण्याआधी वाघाच्या भयात आणि पोटाच्या गरजेत शोधावे, असे मला वाटते.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कप्पे मोडून, एक चाल किंवा एक प्रयोग हाती धरून तो कोणाकोणाकडे गेला, अशी मांडणी करण्याचे मी ठरवले आहे. दूरवाट यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य असून फतव्यांचा भाग मी गाळणार नाही. नृत्याबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

टाळमृदंग

आपण ठरवलेल्या मांडणीला नृत्याइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही. गौडीय वैष्णव धर्म बंगालमधून मणिपुरात पोहोचला आणि अठराव्या शतकात राजा भाग्यचंद्र यांनी तेथे रासलीलेच्या नृत्याला मंदिराश्रय दिला. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये सिल्हेट येथे मणिपुरी नृत्य पाहिले, ते मोहून गेले, आणि शांतिनिकेतनात त्यांनी मणिपुरी गुरूंना बोलावून घेतले. बंगालमध्ये उगवलेली भक्ती अशी मणिपुरी नर्तनाच्या रूपात बंगालला परतली. चित्रांगदा (१९३६), चंडालिका (१९३८) आणि श्यामा (१९३९) या नृत्यनाट्यांच्या घडणीत तिचा मोठा वाटा आहे, आणि यांतील चंडालिका व श्यामा यांचे विषय तर बौद्ध कथांमधून घेतलेले आहेत. सभ्य घरांतील मुलींनी रंगमंचावर नाचावे, ही गोष्ट त्या काळी धक्कादायक होती; ती पचवण्यास मणिपुरी नृत्याचा संयत, भक्तिपर डौल उपयोगी पडला असावा, असा माझा अंदाज आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला पुरुलियाचा छऊ आहे. चैत्राच्या अखेरीस शिवाच्या गाजन उत्सवाशी तो जोडलेला असून चडिदा गावातील कारागिरांनी बनवलेले मोठे मुखवटे घालून, धामसा आणि ढोल यांच्या गजरात नर्तक उड्या घेत गुडघ्यांवर उतरतात. आरंभी गणेशवंदना होते आणि मग महिषासुरवध किंवा रामायण-महाभारतातील युद्धप्रसंग येतात. मुखवट्यामुळे चेहऱ्याचा अभिनय करता येत नाही, म्हणून राग आणि अभिमान खांद्यांच्या थरथरीतून व मानेच्या झटक्यातून दाखवले जातात. मालद्याच्या गंभीरा या लोकनाट्यातही शिवच आहे, परंतु तेथे त्याला समोर उभे करून गावकरी वर्षभराच्या तक्रारी ऐकवतात, पीक बुडाल्यापासून अधिकाऱ्यांच्या जाचापर्यंत. आणि सीमेपलीकडे चापाई नवाबगंजात हाच प्रकार आजोबा आणि नातू यांच्या संवादाच्या रूपात मुसलमान कलावंत सादर करतात. मालदा आणि नवाबगंज येथील गंभीरा शेजारी शेजारी ठेवून पाहिलात, तर शिव निघून गेल्यावरही जाब विचारण्याची ती चौकट कशी टिकून राहिली, हे आपल्या गटाला प्रत्यक्ष दाखवता येईल.