टपरीवरचा चहावाला मुलगा ‘भाचा’ आहे म्हणे. तक्रार केली तर पुढे काय होतं?

टायपिंगवाली (सीबीएस, नाशिक):

कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या ओळीतली दुकानं आणि बाहेर बसणारे वकील, सगळ्यांना एकाच टपरीवरून चहा येतो. दिवाळीनंतर किटली घेऊन एक मुलगा यायला लागलाय, अकरा-बारा वर्षांचा असेल. मी सकाळी शटर उघडते तेव्हा तो ग्लास विसळत असतो, दिवे लागल्यावर निघते तेव्हाही तिथेच. बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडलीय, मनगटावर भाजल्याचा डाग आहे. शाळेचं विचारलं तर म्हणाला, “चौथी झाली.” पेठ तालुक्यातला आहे, आईवडील दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला आलेत. रात्री टपरीच्या मागेच झोपतो.

टपरीवाल्याला सरळ विचारलं तर म्हणाला, “ताई, भाचा आहे माझा. मामाला मदत करणं गुन्हा आहे का?” पण मुलगा त्याला मामा म्हणत नाही, शेठ म्हणतो. एका वकीलसाहेबांना विचारलं, ते म्हणाले कायद्यात नातेवाइकांना सूट आहे, तुम्ही नका पडू यात. मला ते पटलं नाही.

भाचा असेल तर खरंच चालतं का? फोन केला तर मुलाला कुठे नेतात? त्याच्या आईवडिलांना तुरुंगात टाकतील का? हीच भीती मला जास्त आहे.

पंचवटीकर:

ताई, माझे वडील रविवार कारंज्यावर हॉटेलात कपबशा धुऊन मोठे झाले. गरिबाघरचं पोर आहे, दोन वेळचं जेवण मिळतंय, धंदा शिकतंय. फोन केलात तर त्याला उचलून नेतील, आठ दिवसांनी ते दुसऱ्या टपरीवर दिसेल. तुमच्या मनाचं समाधान होईल, त्याच्या आईचे पैसे बुडतील.

निवृत्त गुरुजी:

पेठ आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळांत माझी नोकरी झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

चहाच्या टपऱ्या, हॉटेलं, ढाबे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालच्या मुलाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनं ती सगळ्याच धंद्यांना लागू झाली. सूट आहे ती फक्त घरच्या धंद्यात मदत करण्याची (आणि बालकलाकारांची). कायद्याच्या व्याख्येत मामा कुटुंबात मोडतो, एवढं तुमच्या वकीलसाहेबांचं बरोबर. पण ती मदत शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच करता येते. २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत तर मुळीच नाही, आणि शिक्षणाला बाधा येता कामा नये. तुमचा मुलगा शाळेतच जात नाही आणि दिवसभर राबतो. म्हणजे सख्खा मामा असला तरी हा गुन्हाच आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. आईवडिलांना पहिल्या वेळी शिक्षा होत नाही, तशी स्पष्ट तरतूद आहे.

१०९८ हा मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास चालतो, फुकट लागतो. मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेतात, तिथे आईवडिलांना बोलावतात आणि घरी पाठवायचं की बालगृहात ठेवायचं ते समिती ठरवते. ही पोलीस कोठडी नाही.

एक गोष्ट मात्र जरूर सांगा: आईवडिलांनी टपरीवाल्याकडून उचल घेतलीय का, याची चौकशी करायला. घेतली असेल आणि ती फेडायला पोर राबत असेल तर १९७६ चा वेठबिगारीचा कायदा लागतो, आणि त्या कायद्यानं असं कर्ज रद्दच होतं. आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, कातकऱ्यांची मुलं थोड्याशा पैशांवर मेंढ्या राखायला दिलेली २०२२ साली उघडकीला आली. टपरीवरचं पोर रोज डोळ्यांसमोर असतं म्हणून आपल्याला ते तसं वाटत नाही.

पंचवटीकर, तुमचं एक म्हणणं खरं आहे. नुसती सुटका केली तर पोर परत दुसरीकडे लागतं. माझ्या वर्गातली मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षाच्या कामाला जायची. जी फाल्गुनात परत आली ती शिकली. जी कुणाच्या तरी हॉटेलात अडकली त्यांची नावं पटावरच राहिली. म्हणून सुटकेबरोबर शाळा मागायची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात बसवावंच लागतं, दाखल्यासाठी अडवता येत नाही. निवासी आश्रमशाळा मिळाली तर आईवडील कामाला गेले तरी त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय होते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, तिथे पाठपुरावा करता येतो.

टायपिंगवाली (सीबीएस, नाशिक):

गुरुजी, खूप आभार. पंचवटीकर दादा, तुमच्या वडिलांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना लहानपणी कुणी विचारलं असतं, शाळेत जातोस का, तर ते नाही म्हणाले असते का? आणि तो चहा आम्हीच पितोय. आमच्या ओळीतल्या कुणीही हे आधी विचारायला हवं होतं. शाळेचा अर्ज मी स्वतः टाईप करून आयुक्तालयात देते. एक विचारायचं राहिलं: मुलाकडे आधार कार्ड नाही, जन्मदाखला नाही. त्यावरून अडेल का?

निवृत्त गुरुजी:

नाही. वयाचा पुरावा तुम्ही द्यायचा नसतो. शाळेच्या नोंदीवरून काढतात, तेही नसेल तर सरकारी डॉक्टर तपासून ठरवतात. तुम्ही फक्त जागा नेमकी सांगा, कोर्टाच्या कोणत्या फाटकाजवळ, आणि तो किती ते किती दिसतो ते. नाव सांगायचं नसेल तर सुरुवातीलाच तसं बोला. टपरीवाल्याशी आता या विषयावर परत बोलू नका. सुगावा लागला की पोराला रातोरात गावाबाहेरच्या दुसऱ्या टपरीवर हलवतात, मग शोधायचं कुठे?